जनऔषधी दुकान, सांगली : पाचपैकी चार स्टार, आणि एक कुठं गेला ते सांगते

आधी निकाल सांगते मग बाकीचं, कारण माझं बोलणं लांबतं असं घरातले म्हणतात. सांगलीत आमच्या गावभागातनं चालत जाता येईल अशा अंतरावर प्रधानमंत्री जनऔषधीचं, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांचं, दुकान आहे, गेले बरेच महिने मी माझी सगळी औषधं तिथनंच घेते, एक सोडून, ते कुठलं ते पुढं येईल. माल चांगला, भाव एकदम कमी, काऊंटरवरची मुलगी हुशार. पण दुकानाला तीन पायऱ्या आणि धरायला काही नाही, दुपारी बंद, आणि महिन्यातनं एकदा तरी 'ती संपली काकू, मंगळवारी येईल'. म्हणून चार. गल्लीचं नाव मुद्दाम देत नाही कारण तक्रार पण लिहायचीय आणि ती माणसं चांगली आहेत. तसंही देशभर अशी पंधरा हजारांच्या वर दुकानं झालीत, सांगली-मिरजेत पण बरीच आहेत आणि भाव सगळीकडं छापलेला एकच असतो, त्यामुळे तुमच्या जवळचं कुठलंही चालेल.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या बायकांसाठी, म्हणजे सत्तरीच्या आतबाहेर, मिस्टर गेलेले, मुलं पुण्याला नाहीतर बेंगलोरला, आणि मेडिकलचं बिल हातात आलं की पोटात गोळा. तरुण पोरं 'पार्किंग आहे, स्टाफ पोलाईट' एवढं लिहून मोकळी होतात, त्याचा आम्हाला काय उपयोग.

आता पैशाचं सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. आमचे हे साखर कारखान्यात होते. म्हणजे पेन्शन ईपीएस ९५ ची, पीएफ कापणाऱ्या नोकरीतली, ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. किमान पेन्शन हजार रुपये, २०१४ ला ठरली ती ठरली. आणि नवरा गेला की बायकोला त्याच्या निम्मी मिळते. यांनाच अडीच हजाराच्या आत मिळायची, मग माझी किती ते तुम्हीच करा हिशेब. पेन्शन निम्मी होते पण घरपट्टी निम्मी होत नाही, लाईट बिल नाही, गॅस तर नाहीच, दूध तेवढं निम्मं झालं. पोस्टातल्या सीनियर सिटिझन ठेवीचं व्याज तीन महिन्यांनी येतं, खरं तर त्याच्यावरच चाललंय. श्रावणबाळला, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनला, वर्षाला २१ हजार उत्पन्नाची अट, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, तेवढ्यात माणूस जगतो असं ज्यांनी ठरवलं त्यांना एकदा सांगलीच्या मंडईत सोडलं पाहिजे. लाडकी बहीण पासष्टला संपते, त्याच्या पुढं आम्ही कोणाच्याच लाडक्या नाही.

पोरगा पाठवतो, सून पण चांगली आहे, तक्रार नाही. पण पाठवतो म्हणजे विचारतो, 'मम्मी किती झालं औषधाचं, बिलाचा फोटो टाक'. तो काळजीनंच म्हणतो हो, हिशेब मागत नाही, तरी फोटो टाकताना आपण काहीतरी जास्तीचं खाल्लं असं वाटतं. यांच्या वेळी असं वाटायचं नाही. यांच्या किडन्या गेल्या होत्या, मिरजेला डायलिसिसच्या खेपा चालू होत्या, इंजेक्शनं, मोठ्यांचे डायपर, रिक्षा, पैसा पाण्यासारखा गेला आणि कोणी हूं की चूं केलं नाही, करायचं पण नसतं. तेव्हा महिन्याच्या यादीत त्यांची औषधं वर आणि माझी खाली असायची, आणि यादी खालनं कापायची असते हे बाईला शिकवायला लागत नाही. ते गेल्यावर जो भेटेल तो सांगतो, 'आता तुम्ही स्वतःकडं बघा'. बघते की. पण स्वतःकडं बघायला पण पैसेच लागतात आणि ते मागताना तोंड उघडत नाही.

तर या दुकानाचा माझ्यासाठी खरा फायदा हा आहे. पूर्वी माझं एकटीचं बिल महिन्याला सतराशे-अठराशे व्हायचं, आता पाचशेच्या आत होतं, थायरॉईडची बाटली धरून. पाचशे रुपये मी माझ्या पैशातनं देऊ शकते. फोटो टाकायला लागत नाही. पोरानं दोन महिन्यांनी विचारलं, 'मम्मी औषधं घेतीस ना, बिल का टाकत नाहीस?' म्हटलं घेते, तू तुझ्या ईएमआयचं बघ. ते वाक्य म्हणताना मला काय बरं वाटलं ते इथं लिहिता येत नाही.

आता भाव. टेल्मिसार्टन ४० ची दहाची पट्टी, बीपीची, ब्रँडची सत्तर रुपयांच्या पुढं द्यायचे, इथं पंधराच्या आसपास पडते. अ‍ॅम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्वास्टॅटिन, शुगरची मेटफॉर्मिन, कॅल्शियम, सगळ्याचं असंच, सरकार ५० ते ८० टक्के स्वस्त म्हणतं आणि माझ्या बिलावरनं तरी ते खरं आहे. घासाघीस नाही, 'तुमच्यासाठी दहा टक्के कमी करतो' नाही, छापलेला भाव तोच भाव. इथं एक लक्षात घ्या, साध्या मेडिकलमध्ये पण 'जेनेरिक आहे', म्हणजे ब्रँडशिवायचं तेच औषध, म्हणून गोळ्या देतात, पण त्यावर किंमत ब्रँडच्या जवळपास छापलेली असते आणि मग त्यावर डिस्काऊंट देऊन आपल्यावर उपकार केल्यासारखं दाखवतात, मधला मलिदा कोण खातो ते समजून घ्या. जनऔषधीची पट्टी दिसायला गरीब आहे, चकचकीत नाही, पण आत तेच औषध. या औषधांचा माल डब्ल्यूएचओ-जीएमपी, म्हणजे औषध नीट बनवतात असं, सर्टिफिकेट असलेल्या कंपन्यांकडनं घेतात आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासल्यावरच पुढं पाठवतात. ही योजना २००८ ची आहे, तेव्हा कोणाला माहीत पण नव्हती, गेल्या दहा वर्षांत दुकानं वाढली.

डॉक्टरांचं काय, हा प्रश्न सगळ्याजणी विचारतात. डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात, आपल्याला वाटतं तेच पाहिजे. पण गोळीच्या पट्टीवर मूळ औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं असा नियम २०१८ पासून आहे, चष्मा लावून बघा, दिसेल. जुनी पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही घेऊन जायचं, ती मुलगी दोन्ही ताडून देते, मिलिग्रॅम बोट ठेवून दाखवते. मोबाईलमध्ये 'जनऔषधी सुगम' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकलं की भाव येतो आणि जवळचं दुकान दिसतं, माझ्या नातवानं टाकून दिलंय, मला जमतं.

आमचे डॉक्टर आधी जरा नाराज होते, 'बघा बुवा, तुमच्या जबाबदारीवर' म्हणाले. मग मी बदललं तेव्हा घरी रोज सकाळी एकाच वेळेला बीपी मोजून वहीत लिहिलं, बसून, पाच मिनिटं शांत राहून, चहाच्या आधी, आणि ती वही त्यांच्यापुढं ठेवली. आकडे पहिल्यासारखेच होते. 'चालू ठेवा' म्हणाले. त्यांचा पण राग नाही, पण वही नसती तर माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला असता का, तर नसता.

आता ते एक औषध. थायरॉईडची गोळी मी जुन्या मेडिकलमधनंच घेते, तीच कंपनी, तीच बाटली. त्या गोळीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, कंपनी सारखी बदलत राहू नये म्हणतात, आणि बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं रक्त, तपासून घ्यायचं असतं. हे मला कोणी सांगितलं तर याच दुकानातल्या मुलीनं. तिला तिचा माल खपवायचा असता तर गप्प बसली असती. तिथं माझा विश्वास बसला.

आणि दुसरा प्रसंग, तो तर लिहिलाच पाहिजे. आमच्या भिशीतल्या एक वहिनी माझ्याबरोबर आल्या होत्या, त्या पण एकट्याच आहेत, सुनेकडं राहतात. शुगरची गोळी घेतली, त्या मुलीनं सहज विचारलं, 'काकू, मोडून घेत नाही ना?' वहिनी म्हणाल्या, 'अर्धी अर्धी करते, महिन्याची दोन महिने जाते.' इतक्या सहज म्हणाल्या जसं काही कोथिंबीर पुरवून वापरते. ती मुलगी काऊंटरच्या बाहेर आली. पट्टीवर एसआर लिहिलेलं दाखवलं, ही गोळी पोटात हळूहळू सुटायला बनवलेली असते, मोडली की सगळं औषध एकदम सुटतं आणि नंतर काहीच उरत नाही, म्हणून एसआर, एक्सआर, ईआर असं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोडायची नाही. वहिनी म्हणाल्या, 'मला काय माहीत, मी तर सुरीनं करते.' मग त्यांचं पण सगळं तिथंच बदललं. आता भिशीतल्या पाच-सहा जणी तिथं जातो, दुकानदाराला किमतीवर वीस टक्के मार्जिन मिळतं म्हणतात, आमच्याकडनं बऱ्यापैकी सुटत असेल.

अर्धी गोळी करणाऱ्या वहिनी एकट्या नाहीत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं, आरोग्य आणि म्हातारपण असा काहीतरी विषय होता, निम्मे लोक डुलक्या घेत होते पण मला आवडलं. त्यांनी सांगितलं, मुंबईला देवनारला आयआयपीएस म्हणून लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, त्यांनी २०१७-१८ ला 'लासी' नावाचा मोठा सर्व्हे केला, पंचेचाळीसच्या पुढची ७२ हजारांवर माणसं देशभरातनं विचारून. त्यात आजार, खर्च, नवरा-बायको जिवंत आहे की नाही, सगळं आहे, आणि आयुष्याबद्दल समाधानी आहात का हे पण आहे, पाच वाक्यं वाचून दाखवायची आणि प्रत्येकाला एक ते सात मार्क द्यायचे. हे पण म्हणाले की देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो त्यातला २०१३-१४ ला ६४ टक्के लोकांच्या खिशातनं जायचा, तो २०२१-२२ ला ३९ टक्क्यांवर आला.

मी घरी येऊन विचार करत बसले. मला कोणी ते मार्क विचारले असते तर किती दिले असते? खरं सांगू का, व्याज जमा झाल्यावर विचारलं असतं तर पाच, आणि पोराला बिलाचा फोटो टाकल्यावर विचारलं असतं तर तीन. नवरा नसल्याचं दुःख दोन्ही दिवशी तेवढंच असतं, ते काय कमी-जास्त होत नाही. आणि खर्चाचा आकडा बघून बाईच्या तब्येतीचं काही कळतं असं मला वाटत नाही. वहिनींचा औषधाचा खर्च दोन महिन्यांचा मिळून एका महिन्याएवढा यायचा, कागदावर बघणाऱ्याला वाटेल बाई ठणठणीत आहे. घेतलेल्या गोळीचं बिल होतं. न घेतलेली कुठं लिहिलेली असते? बायका जास्त जगतात, लग्नात नवरा चार-पाच वर्षांनी मोठा बघतात, मग मागं राहणार कोण तर आम्हीच, आणि यादी खालनं कापायची सवय पण आमचीच. हा प्रश्न मी प्राध्यापकांना विचारणार होते पण तोवर चहा आला.

आयुष्मानचं कार्ड पण काढलंय, वय वंदना, सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. जरूर काढा, आधारवर होतं. पण नीट समजून घ्या, ते अ‍ॅडमिट झाल्यावर कामाला येतं. माझं आत्तापर्यंत काय चाललंय, तर रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची फी, रक्ताची तपासणी, जायची-यायची रिक्षा. यातलं काहीच त्यात बसत नाही. पाच लाखांचं कार्ड पर्समध्ये आणि रिक्षाचे पैसे पदराचे, असं आहे ते. म्हणून म्हणते की आमच्या वयाला रोजच्या गोळीचा भाव हा मोठ्या ऑपरेशनपेक्षा जास्त जवळचा प्रश्न आहे.

आता एक असं लिहिते जे औषधाच्या रिव्ह्यूत कोणी लिहित नाही. संक्रांतीनंतर मी गोळ्या आणायला गेले तर काऊंटरवर हळदी-कुंकवाचं चाललेलं, दुकानाच्या मालकीणबाई आणि ती मुलगी, येणाऱ्या प्रत्येक बाईला तिळगूळ आणि वाण. मी आपली सवयीनं बाजूला उभी राहिले, म्हटलं यांचं होऊ दे, मग पट्ट्या मागते. मालकीणबाई करंडा घेऊन माझ्यापुढं आल्या आणि विचारलं, 'काकू, लावू का?' नुसतं बोट पुढं केलं असतं तर मी मान मागं घेतली असती, नाही म्हणाले असते, माहेरची शिकवण आहे. पण विचारलं. म्हटलं लाव की. बाजूला एक बाई होत्या त्यांनी जरा भुवया वर केल्या, केल्या तर केल्या. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड इथनं काही लांब नाही, त्या ग्रामसभेनं मे २०२२ ला ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे बंद, आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना पण तसं करायला सांगितलं. पण ठराव ग्रामसभेत होतो आणि हळदी-कुंकू कोणाच्या तरी हॉलमध्ये, तिथं बायकाच बायकांना मागच्या खुर्चीवर बसवतात. यांच्यानंतर मला कोणी बोलावलेलं नव्हतं, अगदी शेजारच्यांनी पण नाही, आणि मी पण वाईट वाटून घ्यायचं सोडलं होतं. शेवटी बोलावणं आलं ते मेडिकलमधनं. वाण काय दिलं असेल? गोळ्या ठेवायचा सात खणांचा डबा, सोमवार ते रविवार. मी तिथंच हसत सुटले. यांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, सांगलीची माणसं धंदा विसरत नाहीत.

बरं, तक्रारी. एक, त्या पायऱ्या. दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक गुडघ्याचं आणि पायऱ्यांना कठडा नाही, हे म्हणजे हद्द झाली. मालकांना सांगितलं, ते म्हणतात जागा भाड्याची आहे, घरमालक परवानगी देत नाही. एक लोखंडी पाईप बसवायला कसली परवानगी? पावसाळ्यात तर तिथं शेवाळ धरतं. निदान बाहेर घंटी ठेवा, मुलगी खाली येऊन देईल, ती द्यायला तयार असते पण तिला हाक ऐकू जायला पाहिजे ना.

दोन, माल संपणं. साधी औषधं सहसा असतात पण दोन औषधं एकत्र असलेली गोळी बऱ्याचदा नसते. अशा वेळी ती दोन वेगळ्या गोळ्या देऊ का विचारते, पण ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका आणि दोन घेतल्या तर जुनी एकत्रवाली डब्यातनं काढून टाका, नाहीतर डबल जाते. माझा उपाय असा की आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच जायचं. २०१९ च्या पुरात गावभागात पाणी आलं तेव्हा यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, लाईट गेलेली, आणि सगळी मेडिकलं पाण्यात, तेव्हापासून मी शेवटच्या गोळीपर्यंत कधी थांबत नाही.

तीन, बसायला बाक नाही. सकाळी अकराला गेलात तर गर्दी असते आणि उभं राहून कंबर जाते. एक प्लास्टिकची खुर्ची आहे पण तिच्यावर खोके ठेवलेले असतात.

चार, दुपारी दीड ते साडेचार बंद, रविवारी पूर्ण बंद. बाकीची मेडिकलं रात्री अकरापर्यंत असतात, त्यामुळे रात्री-अपरात्री लागणाऱ्या गोष्टींसाठी याच्यावर अवलंबून राहू नका.

जाणार असाल तर सकाळी साडेनऊला जा, तेव्हा ती मुलगी मोकळी असते आणि नीट समजावून सांगते. चिठ्ठी, जुन्या पट्ट्या आणि चष्मा न्या. जीपे चालतं, सुट्टे पण देतात. पिशवी घरनं न्या, ते कागदात गुंडाळून देतात आणि कागद फाटतो. बिल मागायची गरज नाही, देतातच, ठेवून द्या, पोरगं इन्कम टॅक्स भरत असेल तर त्यानं आईवडिलांच्या औषधपाण्यावर केलेला खर्च रिटर्नमध्ये वजावट म्हणून दाखवता येतो, विमा नसला आणि वय साठच्या पुढं असलं तर पन्नास हजारांपर्यंत, पण ते जुन्या पद्धतीनं रिटर्न भरणाऱ्यांनाच आणि पैसे ऑनलाईन नाहीतर चेकनं दिलेले असले तरच, रोख चालत नाही. पायऱ्या चढताना डाव्या बाजूनं भिंतीला धरा, उजवीकडची फरशी हलते.